सराव

दिवाळीला अजून अठरा दिवस आहेत
आणि आपण आवाजापासून सुरुवात केली आहे.

पहिल्या दिवशी मी कागदाची पिशवी फुगवली,
तुला दाखवून, तुझ्या परवानगीने फोडली.
तू दारामागे. दारालाच सांगितलंस, "पुन्हा नको."
दुसऱ्या दिवशी फटीतून एक डोळा.
पाचव्या दिवशी पिशवी तुझ्या हातात होती
आणि कान मी झाकले होते,
कारण तू म्हणालीस, झाक.

अंबडच्या कंपनीत अकरा वर्षं
मी प्रेसच्या धडधडीत उभा आहे.
आवाजानेही आधी सांगून यावं
हे तिथे कुणाला सुचलं नव्हतं.
फक्त नारिंगी रबराच्या दोन गोळ्या मिळाल्या.
त्यातल्या कोऱ्या दोन तुझ्यासाठी आणल्या;
तुझ्या कानात मावल्या नाहीत,
किल्ल्यावर तोफगोळे झाल्या.

मग कारीट.
"पायाच्या अंगठ्याखाली फोडायचं, कडू असतं,"
एवढंच म्हटलं, तर तू विचारलंस,
"त्याने काय केलं होतं?"
नरकासुर तिथून फार लांब होता.
मी पिंपळगावचा एक पिचका टोमॅटो
बाथरूमच्या फरशीवर ठेवला.
तू त्याला आधी सॉरी म्हणालीस,
मग टाच आपटून असा फोडलास
की वॉशिंग मशीनला अजून बी चिकटलेलं आहे.

मेन रोडवरून आणलेला फ्रॉक काखेत टोचतो.
चार वेळा धुतला, लेबल ब्लेडने उसवलं,
दोन रात्री तुझ्या उशीखाली ठेवला, ओळख व्हावी म्हणून.
नवेपणा गेला त्याचा, म्हणाली ललिताआत्या.
जाऊ दे.

आत्यालाही तयार करावं लागलं, फोनवर:
गाल ओढू नकोस, ये ये म्हणून हात पसरू नकोस,
चप्पल काढ, बस, चिवडा खा,
ती येईल. पाच मिनिटांत, किंवा संध्याकाळी.
"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," आत्या म्हणाली.
खरंय.
आमच्या वेळी मी लक्ष्मीपूजनाची अख्खी रात्र
माळ्यावर बसून काढायचो
आणि खाली सगळे म्हणायचे,
पोरगं शांत आहे हो.

सगळ्यात अवघड ते मी शेवटी ठेवलं.
कॅलेंडरवर पहिल्या आंघोळीच्या चौकोनात
आईने निळ्या पेनाने लिहिलेलं: नाइट.
सिव्हिलचा जळीत वॉर्ड. दिवाळीत तिथे
सुटी मागायचीही कुणी हिंमत करत नाही.
तुला सांगायला मी तीनदा तोंड उघडलं
आणि तीनदा किल्ल्यालाच पाणी मारलं.
पाथर्डी गावाकडची माती, बुरूज वाकडा,
अहळीव तेवढं बोटभर वर आलेलं.

चौथ्यांदा सांगितलं.
तू एक तोफगोळा उचललास,
दुसऱ्या बुरुजावर ठेवलास.
बराच वेळ काही नाही.
खालच्या मजल्यावर कुणीतरी
शंकरपाळ्यांचा घाणा काढत होतं.

मग माझ्याच त्या सावकाश आवाजात
तू मला सांगायला लागलीस:

"आधी अंधार असेल. थंडी वाजेल.
मग तू गरम पाणी काढशील, ते भाजणार नाही.
उटणं थोडंसं टोचेल.
मग बाहेर धुडुम होईल, तेव्हा तू कान झाक.
मग आपण कारीट फोडू. एकच. दुसरं आईचं.
मग आई येईल. तिला दवाखान्याचा वास येत असेल.
ती आधी झोपेल.
ये ये म्हणायचं नाही. हात पसरायचे नाहीत.
ती येईल. पाच मिनिटांत, किंवा संध्याकाळी.
कळलं?"

कळलं, मी म्हटलं.

"मग परत सांग बरं."